ओगाता बाईंचं फडकं

देवळाली प्रवऱ्याला मुसमाडे वस्तीवर लंकाबाईंच्या घरातून आजवर एकही भांडं रिकामं परत गेलेलं नाही. शेजारणीनं वाटीभर आमटी धाडली, तर ती वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी असणारच. घरात काही नसलं तर गुळाचा खडा, तोही नसला तर अंगणातली सदाफुलीची फुलं. रिकामं भांडं दिल्यावर बरकत नेमकी कुणाच्या घरची जाते, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या, हे लंकाबाईंनी कधी उलगडून सांगितलं नाही. पण जाते, एवढं नक्की.

त्यांची थोरली लेक राजेश्वरी हे असलं वळण घेऊन मोठी झाली, बी.एड. झाली आणि गावातल्याच एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवायला लागली. शाळेला पुढच्या जूनमध्ये अनुदान येणार होतं. ते दर जूनमध्ये पुढच्या जूनमध्ये येणार असायचं. अशा बऱ्याच जून महिन्यांनंतर तिला मोबाईलवर जाहिरात दिसली, की जपानातल्या शाळांना इंग्रजीच्या शिक्षिका हव्यात. मुलाखत झाली ती घरातूनच, मोबाईलवर. मधेच लाईट गेली. राजेश्वरी अंधारातच बोलत राहिली, कारण देवळालीत लाईट गेल्यावर बोलणं थांबवायचं ठरवलं तर माणसं मुकी होतील. तिकडच्या लोकांनी तेवढ्यावरून ठरवलं, की बाई फार शांत डोक्याची आहे.

तर ती गेली. समुद्राकाठच्या एका लहान गावात तिला शाळा मिळाली. पहिलं वर्ष बरं गेलं. पोरं गुणी, रस्ते झाडलेले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. संध्याकाळी ती कालव्याकडेनं सायकलवर अभंग म्हणत फिरायची, आणि "कुठं निघालीस गं?" असं विचारणारं कुणी नसायचं. हे तिला फार आवडायचं. फक्त एक गोष्ट होती. ती एकटी जेवायची.

म्हणजे भोवती माणसं असायची. पण देवळालीच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे टेबलावर एकत्र उघडायचे आणि मेथी कुणाची, ठेचा कुणाचा, हे कुणी विचारत नसे. हेडमास्तर आप्पासाहेब तर स्वतःचा डबा झाकून ठेवून बाकीच्यांचेच संपवायचे. त्यांच्या डब्यात काय असतं, हे अजून शाळेला माहीत नाही. इकडे जपानात जो तो आपल्या डब्यापुढे हात जोडणार, दोन शब्द म्हणणार, आपलं आपण खाणार आणि झाकण लावणार. हात जोडतात हे राजेश्वरीला चांगलं वाटायचं. पण दुसऱ्याच्या डब्याकडे डोळासुद्धा जायचा नाही, मग हात कुठला जायला!

ही गोष्ट तिनं वर्षभर लपवली. मार्चअखेरीला फोनवर लंकाबाईंनी सहज विचारलं, "आज कुनासंगं जेवलीस?"

"माझ्या जागेवर जेवले."

"आनि तुज्यातलं कुनी काय घेतलं?"

"इथं तसं नसतं, आई."

"तसं नसतं म्हंजी? मानसं जेवत न्हाईत का तिथं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लंकाबाई गोठ्यात होत्या. त्यांनी धार काढायची थांबवली, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे हे म्हशीलाही कळलं.

"हे बघ राजे," त्या म्हणाल्या, "आप्पासाहेब घरी यून गेले. जूनपसून तुजी जागा धरून ठेवत्यात म्हनं. पाडव्याला कळवा म्हनले. तवर येक तरी मानूस तुज्या डब्यात हात घालनारं भेटलं, तर ऱ्हा आनखी येक वरीस. न्हाई तर गप घरी ये. एकली जेवनारी पोर मला परदेशात ठेवायची न्हाई."

पाठीमागून राजेश्वरीचे वडील छगननाना म्हणाले, "पोरगी शिकवाया गेलीय, पंगतीला न्हाई."

"तुमी गप बसा! लग्नात वाढप्यानं बुंदी दिली न्हाई तर दोन दिस घरात फुगून बसता तुमी."

 राजेश्वरीनं अट कबूल केली, कारण आईपुढे हट्ट चालत नाही आणि तिला तर राहायचं होतं.

जपानात शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि त्याच्या तोंडावर बदल्या निघतात. राजेश्वरीचीही निघाली. जपानातही बदल्या असतात हे ऐकून नाना म्हणाले, "म्हंजी तिथं बी झेडपी हाय की!" आता नवी शाळा, नवी माणसं, आणि पाडवा अगदी आठवड्यावर. पोरं यायच्या आधी शिक्षकांनी हजर व्हायचं असतं, तशी ती एक तारखेला हजर झाली. दारात बाहेरचे बूट काढून आतले घातले. ("देवळावानी हाय म्हन की," लंकाबाई.) शिक्षकांच्या खोलीत तिला जागा मिळाली ती नव्यानंच बदलून आलेल्या उपमुख्याध्यापिकेच्या शेजारी. तिचं नाव ओगाता. पन्नाशीची, पाठ ताठ, टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. सगळे त्यांना ओगाता सेन्सेई, म्हणजे ओगाता गुरुजी, म्हणत; राजेश्वरी मनातल्या मनात ओगाता बाई म्हणायची, कारण शाळेतली अशी बाई म्हणजे बाईच.

राजेश्वरीनं पहिल्याच दिवशी स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू नेले होते. गूळ नानांच्या उसाचा, लंकाबाईंनी पार्सलात धाडलेला. तिनं डबा उघडून आपल्या आणि ओगाता बाईंच्या टेबलाच्या मध्ये ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, "घ्या ना!"

सगळे उठून आले. वाकून पाहिलं. किती गोल आहेत, म्हणाले. नव्या पीटी सरांनी फोटो काढला. आणि सगळे जागेवर जाऊन बसले.

पुढे तिला कळलं, की तिथं खाऊ वाटायचा तर एकेक वेगळा, कागदात गुंडाळून, ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायचा असतो. उघड्या डब्यात उघडे लाडू, आणि पहिला हात कुणी घालायचा हे ठरलेलं नाही. असा प्रसंग त्या शाळेवर कधी आलाच नव्हता. मुलगी बघायला आलेल्यांपुढं पोहे असतात ना, तसे ते लाडू संध्याकाळपर्यंत तिष्ठत राहिले. पाच वाजता राजेश्वरी हात धुवून आली, तर डबा गायब. ओगाता बाईही गायब. डबा त्यांच्या टेबलाकडे थोडा जास्त सरकलेला होता. त्यांना वाटलं, हा सगळा आपल्यालाच दिला. पीटी सरांनी सांगितलं, बाईंनी झाकण लावलं, डब्यापुढे दोनदा वाकल्या आणि घेऊन गेल्या.

"समदा डबा नेला?" लंकाबाई फोनवर खूश झाल्या. "मोकळं दिसतंय मानूस."

"म्हणजे झालं ना, आई? घातला हात."

"कुटं घातला? डबाच उचलला. ते मोजायचं न्हाई. आता परत कसा देती त्ये बघ. त्यातच मानूस कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा टेबलावर हजर. घासून असा चकचकीत केलेला, की राजेश्वरीला आपल्या घासण्याची लाज वाटली. एका जांभळ्या चौकोनी फडक्यात बांधलेला, वर सशाच्या कानासारखी गाठ. आणि डबा रिकामा नव्हता. आत तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे होते आणि गोळ्यात लाल दाण्यांचं गोड सारण.

व्हिडिओ कॉलवर लंकाबाईंनी एक गोळा फोडून दाखवायला लावला. "ह्ये तर पुरनच की गं! उकडीत भरलंय. आपलीच हायेत ही मानसं." मग त्यांची नजर बाजूला गेली. "आनि त्ये जांभळं फडकं कुनाचं?"

"त्यांचंच."

"मग परत द्यावं लागंल."

"देते की उद्या."

"रिकामं?"

इथून पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे झालं. जरा नीट सांगते. डबा राजेश्वरीचा होता, फडकं ओगाता बाईंचं. फडकं रिकामं द्यायचं नाही, म्हणजे त्यात काहीतरी बांधायला हवं. बांधायचं ते डब्यात भरून. म्हणजे डबा पुन्हा ओगाता बाईंकडे जाणार. आणि तिकडची रीतही अशी, की आलेली भेट फेडल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. म्हणजे डबा भरून परत येणार, आणि येणार तो फडक्यातच. राजेश्वरी बरीच डोकेबाज, पण तिला यातून बाहेर पडायची वाट दिसेना.

तिनं चिवडा दिला. डबा पिवळ्याधमक मुळ्याच्या लोणच्यानं भरून आला. तिनं थालीपीठ दिलं, तर सुरळी केलेलं गोड ऑम्लेट आलं. राजेश्वरी पहाटे उठून कांदा चिरायला लागली. शाळेत तिच्या बोटांना हिंगाचा वास आणि डोळ्यांवर झोप. फडकं देता-घेता दोघी एकमेकींपुढं वाकायच्या. ही वाकली की ती आणखी खाली, ती खाली गेली की ही आणखी. पीटी सरांना चहा घ्यायला पलीकडून वळसा घालून जावं लागे. आणि एवढं सगळं होऊन, जेवणाच्या वेळी जो तो आपल्या जागेवर, आपला डबा, आपलं झाकण.

एकादशीला तर कहरच झाला. राजेश्वरीचा उपास. तिनं फडकं सोडलं, डबा उघडला, आणि आतून बारीक बारीक मासे डोळे वटारून तिच्याकडे बघायला लागले. मुसमाड्यांच्या घरात गळ्यात माळ, पिढ्यानपिढ्या कुणी वशाटाला शिवलेलं नाही. राजेश्वरीनं झाकण लावलं आणि "पांडुरंगा!" म्हणून खुर्चीवर बसली. शेजारी ओगाता बाई मोठ्या अपेक्षेनं बघत होत्या. तिनं हसून मान डोलावली.

"टाकू नगस," लंकाबाईंनी फोनवर निकाल दिला. "परत बी करू नगस, त्यांना वाईट वाटंल. मुक्या जीवाला घाल. तुला पाप न्हाई."

तिनं खोलीच्या मागं एका मांजरीला घातले. त्या मांजरीनं गावभर काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या सकाळी दाराबाहेर मांजरांची सभा भरली होती. एक बोका तर सायकलच्या मागं शाळेच्या फाटकापर्यंत आला.

"पण आई, एवढं खाणं जातंय-येतंय. आता तरी मोजशील का नाही?"

"न्हाई. ह्यो आहेर झाला, राजे. आहेर परकी मानसं बी करत्यात. हात घालतो त्यो आपला."

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आप्पासाहेबांचा मेसेज आला. जोडलेले हात, गुढीचं चित्र, आणि खाली : "मॅडम, उद्या पाडवा. काय ते कळवा. वर्ग पाचवी ते दहावी, इंग्रजी व कार्यानुभव." राजेश्वरीनं तो दोनदा वाचला, बाहेर जाऊन सायकलवर कालव्याकडेला एक चक्कर मारली, पण अभंग काही तोंडातून निघेना.

पाडव्यालाच शाळा उघडत होती. पहाटे तिनं कपडे वाळत घालायच्या काठीला ओढणी आणि तांब्या बांधून खिडकीत गुढी उभी केली, हळदीकुंकू वाहिलं, आणि पुरणाच्या पोळ्या केल्या. दोन फुटल्या. बाकीच्या तूप लावून डब्यात भरल्या, फडक्यात बांधल्या आणि ती निघाली. मनात म्हणाली, हा शेवटचा डबा. संध्याकाळी आप्पासाहेबांना हो कळवायचं.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये पोरं रांगेत बसलेली, मागं आईबाप. पडदा, फुलं, सगळीकडे चिडीचूप. नव्या शिक्षकांनी एकेक करून व्यासपीठावर जाऊन नाव सांगायचं होतं. परदेशी पाहुणी म्हणून राजेश्वरीला पहिली घातली. ती गेली, आणि पायरीपाशी तिचा हात आपोआप खाली गेला. पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग वर चढली. आपल्याकडं व्यासपीठावर कुणी असंच चढतं का! तिला पत्ताही नव्हता, की आपण काही केलं.

तिच्या मागं पीटी सर. त्यांनी ते पाहिलं होतं. ते या शाळेत नवीन. त्यांना वाटलं, या शाळेची पद्धत असेल. त्यांनी पायरीला हात लावला, कपाळाला लावला. त्यांचं बघून विज्ञानाच्या बाईंनी. ओगाता बाई तर अशा बाबतीत फार काटेकोर. त्यांनी दोन्ही हात लावले. मग शपथ वाचायला आलेली विद्यार्थिनी. मग पालक संघाचे अध्यक्ष आले, पोट मोठं, कोट घट्ट. ते वाकले तेव्हा कुठंतरी शिवण उसवल्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला, पण त्यांनी माघार घेतली नाही. शेवटी मुख्याध्यापक. ते त्या शाळेत जुने. ते पायरीपाशी थांबले, पायरीकडे बघितलं, सगळ्या सभेकडे बघितलं, आणि आपल्यालाच इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही अशा चेहऱ्यानं हळूच वाकले.

राजेश्वरी व्यासपीठावर खुर्चीत बसून हे बघत होती. तिला हसू यायला लागलं, म्हणून तिनं मनात मारुतीस्तोत्र सुरू केलं.

कार्यक्रम झाला, पोरं घरी गेली. शिक्षक आपापल्या टेबलावर डबे उघडून बसले. ओगाता बाईंनी पेन्सिली सरळ केल्या आणि हळू आवाजात विचारलं, "राजेश्वरी सेन्सेई, या शाळेत पायरीला हात लावायची पद्धत कधीपासून आहे?"

"या शाळेत नाही," राजेश्वरीनं सांगून टाकलं. "आमच्या गावाकडची आहे. मी सवयीनं केलं. बाकीचे का करत होते, मला ठाऊक नाही."

 ओगाता बाईंच्या नाकातून कुकरच्या पहिल्या शिट्टीसारखा आवाज आला. मग दुसरी शिट्टी. "अध्यक्ष…" एवढंच त्यांना बोलता आलं. "त्यांचा कोट…" त्यांनी टेबलावर डोकं टेकलं, पेन्सिली खाली पडल्या आणि त्या उचलायचं भानही त्यांना राहिलं नाही. राजेश्वरीनं वेळेत सुरू केलेलं मारुतीस्तोत्र वाया गेलं. तीही पोट धरून हसायला लागली.

डोळे पुसत ओगाता बाई म्हणाल्या, "एक खरं सांगू? रागवू नका. तुम्ही आता डबा देऊ नका. मला आता होत नाही. मी शाळेतून दमून जाते. घरी माझी म्हातारी आई आहे. ती दारातच विचारते, डबा आला का? रिकामा परत दिलास तर लोक काय म्हणतील? ते मासे मी रात्री शिजवले, ती शेजारी उभी राहून सांगत होती."

"मी देऊ नको?" राजेश्वरी म्हणाली. "अहो, तुमचं फडकं परत येतं म्हणून मी देते! माझी आई देवळालीला बसून मला सांगते, रिकामं देऊ नकोस!"

 दोन देशांतल्या दोन म्हाताऱ्यांनी दोघींना पहाटे उठवून कामाला लावलं होतं, आणि त्या म्हाताऱ्या मात्र रात्री निवांत झोपत होत्या.

"मग एक करू," राजेश्वरी म्हणाली. "हा डबा घरी नेऊच नका. आत्ताच इथं संपवू." तिनं फडकं सोडलं आणि झाकण उघडलं. तुपाचा वास खोलीभर गेला.

ओगाता बाईंनी जेवायच्या काड्या शोधायला खण उघडला.

"हातानं," राजेश्वरी म्हणाली.

ओगाता बाईंनी इकडं तिकडं पाहिलं. सगळे माना खाली घालून जेवत होते. मग त्यांनी ताठ पाठ थोडी वाकवली आणि हात डब्यात घातला. पोळी तुटली, पुरण शाळेच्या वेळापत्रकावर पडलं. त्यांनी ते बोटानं उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "हे तर आमचंच आहे. फक्त चपटं केलंय."

"मला… मिळेल का?" पीटी सर पाठीशी येऊन उभे होते. त्यांना पहिल्या दिवसाच्या लाडवांपासूनची भूक होती. त्यांच्या मागं विज्ञानाच्या बाई, त्यांच्या मागं ऑफिसातले क्लार्क. बघता बघता डबा रिकामा झाला, आणि शेवटचा तुकडा कुणाचा यावरून पीटी सरांची आणि क्लार्कची अगदी देवळालीसारखी खेचाखेच झाली.

राजेश्वरीनं तेवढ्यात फोन लावला होता. देवळालीत सकाळ होती. लंकाबाई गुढीला नैवेद्य दाखवून उठत होत्या.

"आई, ह्या ओगाता बाई. बघ. घातला."

"तोंड नगं दावू, हात दाव," लंकाबाई म्हणाल्या.

राजेश्वरीनं सांगितल्यावर ओगाता बाईंनी पाची बोटं कॅमेऱ्यापुढं धरली. बोटं तुपानं चमकत होती, करंगळीला पुरण. लंकाबाईंनी डोळे बारीक करून ती नीट तपासली. मग त्या हाताला तिथूनच नमस्कार केला आणि पदर डोळ्यांना लावला.  तेवढ्यात मागं म्हैस ओरडली आणि ओगाता बाई म्हशीला बघून वाकल्या.

"मग आप्पासाहेबाला काय सांगू?" नानांनी विचारलं.

"सांगा, जागा दुसऱ्या कुनाला तरी द्या म्हनावं. आमची पोरगी तिकडं गुतलीया."

"आता कसली गुंतते?" राजेश्वरी हसत म्हणाली. "डबा इथंच संपला. माझा डबा माझ्याकडं, सुटले मी."

"आनि फडकं?"

फडकं तिच्याच टेबलावर होतं, जांभळं, अर्धवट सोडलेलं, एका कोपऱ्याला तुपाचा डाग पडलेलं.

"धून दे," लंकाबाई म्हणाल्या. "आनि रिकामं दिलंस तर बघ! त्या म्हातारीला काय वाटंल?"

आई काय म्हणतात, असं ओगाता बाईंनी विचारलं. राजेश्वरीनं सांगितलं. ओगाता बाईंनी एक मोठा सुस्कारा टाकला, खाली पडलेल्या पेन्सिली गोळा करायला वाकल्या आणि टेबलाखालूनच म्हणाल्या, "माझी आईही हेच म्हणेल."

पलीकडच्या टेबलावरून पीटी सरांनी मान वर करून विचारलं, "उद्या काय आहे?"